एकोणिसाव्या किलोमीटरला थांबलेल्या बाई: पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

वय ४४. साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याआधी पूर्ण केलेली. २१ जानेवारी २०२४च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतरासाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, पहिल्यांदाच नोंदणी. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी, शर्यतीला अकरा आठवडे उरलेले असताना, कोरेगाव रस्त्यावर २६ किलोमीटरचा सराव होता. एकोणिसाव्या किलोमीटरला त्या थांबल्या, वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, बसून घरी आल्या आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्याच्यानं होणार नाही. मी नाव काढून घेते.’

पाय दुखावला नव्हता. ताप नव्हता, पाणी कमी पडलं नव्हतं, ऊनही चढलं नव्हतं. त्याआधीच्या पंधरवड्यात त्यांनी २४ किलोमीटर नीट पूर्ण केलं होतं.

आमच्या गटात पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांची वेळापत्रकं मी पाहते. हे प्रकरण त्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. गटात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून इथेही बाईच.

लिहिण्याचं कारण सांगते. पहिल्या मॅरेथॉनला निघालेल्या माणसाला सगळे सांगतात, ‘शेवटी सगळं मनावर आहे.’ मला या वाक्याचा मनापासून राग आहे. मनावर म्हणजे नेमकं कशावर, हे ते सांगत नाही, आणि जो थांबला त्याचं मन कच्चं होतं असा ठपका मात्र ठेवून जातं. बाईंच्या बाबतीत जे घडलं त्यात मनाचा कच्चेपणा कुठेही नव्हता. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून एक मोठी, मोघम भीती तयार झाली होती. मोघम भीतीचा सराव करता येत नाही. ती सुटी करून समोर मांडली की बरंच काही करता येतं.

हाफ धावलेल्या माणसाचा प्रश्न

साताऱ्याची हाफ सोपी नाही. पोवई नाक्याकडून शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढे जाऊन वळायचं आणि त्याच घाटानं उतरायचं. ही शर्यत पूर्ण केलेल्या माणसाचा आत्मविश्वास खरा असतो. पण तो अर्ध्या अंतराचा असतो. २१ किलोमीटरच्या शर्यतीआधी माणूस सरावात अठरा, वीस, कधी कधी बावीसही धावून पाहतो. शर्यतीच्या दिवशी अनोळखी असं फार थोडं उरतं. पूर्ण मॅरेथॉनची गोष्ट निराळी आहे. नवख्याच्या वेळापत्रकात सर्वात लांब सराव ३० ते ३२ किलोमीटरचा असतो. त्याहून जास्त धावलं तर शरीर सावरायला इतका वेळ लागतो की फायद्यापेक्षा तोटा अधिक. म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर माणूस पहिल्यांदा धावतो ते थेट शर्यतीतच.

इतरांना हे सांगितलं की ते मान डोलावतात. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ‘म्हणजे ताई, शेवटची पायरी सिद्ध न करताच उत्तर लिहायचं?’ तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. मुलांनी पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं की गुण कापणाऱ्या बाईंना स्वतःसाठी ही सवलत मंजूर नव्हती.

वहीत काय सापडलं

५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ग्रुपवर धीर देणारे पुष्कळ निरोप आले. ‘बाई, तुम्ही वाघीण आहात’, ‘हार मानायची नाही’ वगैरे. बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि फक्त त्यांची सरावाची वही मागितली.

बाईंची वही म्हणजे नमुना आहे. तारीख, अंतर, वेळ, झोपेचे तास आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. सप्टेंबरचे शेरे होते ‘ठीक’, ‘छान’, ‘वारा होता’. ऑक्टोबरच्या मध्यापासून ते बदलत गेले: ‘जड’, ‘सुरुवातीपासून जड’, ‘का कोण जाणे’. वेग तोच होता. काही दिवशी तर किंचित बरा. आकडे सांगत होते की शरीर सुधारतं आहे आणि शेरा सांगत होता की धावणं अवघड होत चाललं आहे.

मग मी विचारलं, शाळेत काय चाललं होतं? प्रथम सत्र परीक्षा. चार तुकड्यांचे गणिताचे पेपर, गुणपत्रकं, ऑनलाइन भरायची माहिती. रोज रात्री अकरा-साडेअकरापर्यंत गठ्ठा. शनिवारी रात्री शेवटचा गठ्ठा संपवून रविवारी पहाटे साडेचारला उठून २६ किलोमीटर.

इथे एक जुना प्रयोग आठवतो. २००९मध्ये वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी सोळा जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी सायकलवर दमेपर्यंत बसवलं. एका दिवशी आधी नव्वद मिनिटं संगणकावर सतत लक्ष लागेल असं कंटाळवाणं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. डोकं शिणलेलं असताना ते सरासरी ६४० सेकंदांत थांबले, एरवी ७५४ सेकंदांत. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक होता तो श्रम किती वाटतात यात. शिणलेल्या डोक्याला तेच काम सुरुवातीपासूनच जास्त जड वाटलं, आणि सोसण्याची हद्द लवकर आली.

पेपर तपासणं हे नेमकं तसंच काम आहे. प्रत्येक पायरी वाचायची, कुठे चुकलं ते शोधायचं, अर्धा गुण द्यायचा की नाही ते ठरवायचं, आणि हे शेकडो वेळा. बसून केलेलं काम म्हणून आपण ते दमणुकीत धरत नाही. बाईही धरत नव्हत्या. वहीत झोपेचा रकाना होता, डोक्याच्या कामाचा नव्हता.

हे कळल्यावर बाईंना काय वाटलं असेल? सुटका वाटली, असं त्या म्हणाल्या. ‘सुरुवातीपासून जड’ याचा अर्थ त्यांनी ‘माझी कुवत संपली’ असा लावला होता. तो तसा नव्हता.

पण एवढ्यानं प्रकरण संपत नव्हतं. शिणलेली माणसं हळू धावतात, कुरकुरत धावतात, वाटेत चालतात. बाई तर एका क्षणी थांबल्या आणि पुन्हा पाऊलच टाकलं नाही. त्या क्षणी काय झालं होतं?

भीतीची यादी

मी त्यांना एक काम दिलं: मॅरेथॉनबद्दल जी जी भीती वाटते ती एकेका ओळीत लिहा. ‘जमेल का’ असं लिहायचं नाही. काय होईल असं वाटतं, तेच लिहायचं.

दोन दिवसांनी आलेली यादी अशी होती. तिसाव्या किलोमीटरनंतर पायातला जीव जाईल. मुंबईत रस्त्यात कुठे जायचं, म्हणजे लघवीला. सगळे पुढे जातील आणि मी एकटी मागे उरेन. नववी ‘ब’च्या मुलींना कळलं आहे, त्या विचारतील. घरचे म्हणतील, एवढं करून काय मिळालं. एवढ्या पाच ओळी.

पहिल्या ओळीचं आम्ही गणित मांडलं. खरं तर बाईंनीच मांडलं, मी फक्त आकडे पुरवले. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. बाईंचं वजन ५८ किलो. ५८ गुणिले ४२, म्हणजे २४३६. स्नायू आणि यकृत मिळून कर्बोदकांचा साठा ढोबळमानानं १५०० ते २००० कॅलरींचा. तो तळाला गेला की ज्याला धावणारे ‘वॉल’ म्हणतात ती अवस्था येते, बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या पुढे. आता धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेता येतात. बाईंनी ४५ धरले. पाच तासांचे २२५ ग्रॅम, चार कॅलरीनं ९००. साठा अगदी कमीत कमी धरला तरी १५०० अधिक ९००, म्हणजे २४००. शिवाय सावकाश धावताना खर्चाचा बराच भाग चरबीतून भागतो, तो यात धरलेलाच नाही.

‘म्हणजे भिंत नशिबात लिहिलेली नाही,’ बाई म्हणाल्या. ‘जमाखर्च आहे.’

या एका मांडणीनं जेवढं काम केलं तेवढं माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं. पुढच्या प्रत्येक लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वात लांब सरावाला, त्या घड्याळ लावून जेल (कर्बोदकांचं घट्ट पाकीटबंद मिश्रण) आणि खजूर घेऊ लागल्या. सुरुवातीला जेलनं मळमळलं, मग सवय झाली. पोटालाही सराव लागतो हे नवख्यांना माहीत नसतं. पाण्याचंही ठरवून घेतलं. भीतीपोटी माणसं शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर घटाघटा पाणी पितात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली आलेलं आढळलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढेल इतकं पिणं हे त्याचं मोठं कारण होतं. ‘तहानेप्रमाणे, दोन घोट’ एवढं ठरवलं.

लघवीचा प्रश्न बायका विचारत नाहीत आणि पुरुष प्रशिक्षकांना तो सुचत नाही. त्यापायी कितीजणी पाणीच पीत नाहीत. मार्गावर फिरती स्वच्छतागृहं असतात हे सांगितलं, आणि प्रत्यक्षात थांबून किती वेळ जातो तेही एका सरावात करून पाहिलं. तो विषय तिथेच मिटला.

यादीत नसलेली ओळ

यादी दिल्यावर एका रात्री बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘ताई, अजून एक आहे. ते मी लिहिलं नाही.’

त्यांचे वडील शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. शेतातून आले, ओसरीवर बसले, छातीत धडधडतंय म्हणाले. बाई तेव्हा दहावीत होत्या. ५ नोव्हेंबरला एकोणिसाव्या किलोमीटरला संगम माहुलीच्या अलीकडचा छोटा चढ चढताना स्वतःच्या छातीतली धडधड त्यांना कानात ऐकू आली. एरवीही ती असतेच, पण त्या दिवशी ऐकू आली. पाय आपोआप थांबले.

हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर धावणं बंद होईल, ही त्यामागची भीती. आणि ही भीती मनाशी उच्चारली तर खरीच ठरेल, अशीही एक भीती, जी आपल्याकडे शिकल्यासवरलेल्या माणसांतही असते.

मला वाटतं, या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ‘मन खंबीर करा’ हा सल्ला अशा माणसासाठी नुसता पोकळ नाही, घातक आहे. जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर छातीतली धडधड मनाच्या जोरावर दाबून टाकणं हा शहाणपणा नव्हे. आधी डॉक्टर. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तपासणी होईपर्यंत लाँग रन बंद, फक्त चालणं.

हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, इको आणि ट्रेडमिलवरची ताणचाचणी केली. सगळं व्यवस्थित निघालं. पण मनासाठी खरं औषध ठरली ती डॉक्टरांनी दिलेली दुसरी गोष्ट. कधी थांबायचं याची त्यांनी यादी करून दिली: छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं हात, मान किंवा जबड्याकडे सरकणं, घेरी येणं, थांबल्यावरही धाप लागायची न थांबणं, ठोके अनियमित पडल्यासारखे वाटणं. यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मदत घ्यायची, मग शर्यत असो की सराव. चढावर नुसती जोरात धडधड होणं या यादीत नव्हतं.

बाईंनी ती यादी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवली. तोवर दर चढावर त्या स्वतःशी वाद घालत होत्या, थांबू की नको, थांबू की नको. आता थांबायचं कधी हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे उरलेला वेळ मोकळा झाला.

आकड्यांवर त्यांचा विश्वास म्हणून एक आकडाही दिला. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ जणांचं हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडलं होतं, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक, आणि त्यात पुरुषांचं प्रमाण खूपच जास्त. बाईंनी तो आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहिला. वडिलांची आठवण त्यानं पुसली गेली नाही आणि तसं व्हावं अशी अपेक्षाही नव्हती.

नरक चतुर्दशीचा लाँग रन

तिसरी गोष्ट घरची. १२ नोव्हेंबर २०२३ हा रविवार नेमका नरक चतुर्दशीचा आणि लक्ष्मीपूजनाचाही. वेळापत्रकात लाँग रन रविवारी. त्या आठवड्यात डॉक्टरांच्या तपासणीमुळे तो तसाही बंद होता, पण वाद आधीच होऊन गेला होता.

सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘पहाटे अभ्यंगस्नान सोडून सून रस्त्यावर पळणार?’ आणि एकदा, फराळाच्या चकल्या तळताना, ‘आम्ही खटावात दुष्काळात कोसभर पाण्याला चालत जायचो. दोन हंडे डोक्यावर. आम्हाला कुणी मेडल दिलं नाही.’

हे वाक्य बाईंना फार लागलं, कारण त्यात तथ्य होतं. सासूबाईंच्या अंगातला चिवटपणा कुणी मोजला नाही, त्यांच्यासाठी कुणी रस्ता बंद केला नाही. त्यांच्यासमोर हौसेनं धावायला जायचं म्हणजे काहीतरी उधळपट्टी केल्यासारखं बाईंना वाटे. रविवारी सकाळचे चार तास, मग दुपारची झोप, म्हणजे अर्धा रविवार. तो कुणाच्या तरी वाटणीतून घेतलेला असतो. पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीत बायकांना जी दमणूक येते तिच्यात या अपराधीपणाचा मोठा भाग आहे असं माझं मत आहे, आणि वेळापत्रकं छापणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

उपाय साधा होता आणि तो बाईंनी स्वतः काढला. दिवाळीची सुट्टी लागली होती. लाँग रन रविवारचे उचलून आठवड्यातल्या मधल्या वारी टाकले. नवऱ्याशी बसून डिसेंबरचे रविवार वाटून घेतले: कुठल्या रविवारी सकाळचा स्वयंपाक नवऱ्याकडे, कुठल्या रविवारी बाई घरी. ‘बघू, जमवून घेऊ’ हे जेव्हा कॅलेंडरवर लिहिलं गेलं तेव्हा दर आठवड्याची परवानगी मागणं थांबलं. नवरा आधी अॅक्टिव्हावरून मागे मागे येत असे, काळजीनं. बाईंना ते पहाऱ्यासारखं वाटे. त्याऐवजी गटातली एक मुलगी पहिल्या दहा किलोमीटरला सोबत आणि पुढे लोकेशन चालू, असं ठरलं. पहाटेच्या अंधारात एकटीनं हायवेकडे जायचं नाही हा आमच्या गटाचा नियमच आहे. कुत्री आणि माणसं दोन्हींसाठी.

सासूबाईंशी बाईंनी वाद घातला नाही. नववीतल्या मुलींना सांगतात ते त्यांनाही सांगितलं: शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, पुढे २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिकडचीच, दुष्काळातली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘मोहीची व्हय?’ मत बदललं की नाही कुणास ठाऊक.

पुढची पायरी

नोव्हेंबरच्या शेवटी २६, डिसेंबरात २८ आणि मग ३२. या सरावांत आम्ही मनाचं म्हणून एकच कौशल्य घोटलं.

१९७७मध्ये विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी अव्वल मॅरेथॉनपटूंशी बोलून एक निरीक्षण मांडलं होतं. हौशी धावणारे बहुधा मन दुसरीकडे गुंतवतात, गाणी, हिशेब, आठवणी. अव्वल धावपटू मात्र शरीराकडेच लक्ष देतात, श्वास, पावलं, खांदे. नवख्यानं यातलं काय करावं? माझा अनुभव असा की पहिल्या वीस किलोमीटरला मन खुशाल भटकू द्यावं. शेवटी ते जमतच नाही. शरीर इतकं जोरात बोलू लागतं की त्याच्याशी काय बोलायचं हे ठरलेलं हवं.

२०१४मध्ये मार्कोरांच्याच सहकाऱ्यांनी, ब्लँचफील्ड वगैरेंनी, सायकलवरच्या प्रयोगात लोकांना स्वतःशी बोलायची वाक्यं निवडायला लावली आणि दोन आठवडे ती वापरायचा सराव दिला. त्यानंतर ते आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले आणि श्रमही कमी वाटले. वाक्यं ज्याची त्यानं निवडलेली होती, आणि त्यांचा सराव झालेला होता. हे दोन्ही महत्त्वाचं.

मी बाईंना विचारलं, गणितात अडलेल्या मुलाला तुम्ही काय म्हणता? त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘उत्तराकडे बघू नको. पुढची पायरी लिही.’

तेच वाक्य ठरलं. बत्तीस किलोमीटरच्या सरावात पंचविसाव्यानंतर दर किलोमीटरला एकदा, त्यांच्या वर्गातल्या आवाजात. त्यांनी नंतर सांगितलं की ‘मी करू शकते’ असं म्हटलं की आतून कुणीतरी ‘कशावरून?’ विचारत असे. ‘पुढची पायरी लिही’ या आज्ञेला असा उलटा प्रश्न येत नाही. बत्तीस पूर्ण झाले. शेरा: ‘जड. पण कळत होतं का जड.’

शेवटचे तीन आठवडे

सराव कमी केल्यावर माणूस खुश व्हायला हवा. होतं उलटं. टेपरिंगच्या काळात न झालेली दुखणी जाणवतात, झोप उडते, वजन किलोभर वाढतं, कारण स्नायूंत साठलेल्या कर्बोदकांबरोबर पाणीही साठतं. बाईंच्या डाव्या टाचेत अचानक कळ येऊ लागली. मग उजव्या गुडघ्यात. शाळेत कुणी शिंकलं की त्या नाकावर रुमाल धरत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला दिवसाआड फोन. मी त्यांना आधीच लिहून दिलं होतं की हे होईल, कोणत्या आठवड्यात होईल आणि साधारण काय वाटेल. त्यामुळे फोनवर त्या स्वतःच म्हणत, ‘हे यादीतलं आहे ना?’ हो, यादीतलं.

एक गोष्ट मी मुद्दाम करायला लावली. पूर्वतयारीच्या परीक्षांचं काम शाळेत चालू झालं होतं. शेवटच्या आठवड्यातला पेपरांचा गठ्ठा त्यांनी सहकाऱ्याशी बदलून घेतला आणि फेब्रुवारीत दुप्पट केला. पायांना विश्रांती द्यायची आणि डोक्याला रात्री बारापर्यंत जुंपायचं, याला टेपर म्हणत नाहीत.

२१ जानेवारी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारातच सुरुवात. साताऱ्याच्या कोरड्या गारठ्यात सराव केलेल्या माणसाला मुंबईची दमट हवा पहिल्या अर्ध्या तासातच जाणवते. ठरलेला वेग किलोमीटरला सव्वासात मिनिटं होता. मरीन ड्राइव्हवर गर्दीच्या उत्साहात बाई थोड्या पुढे गेल्या, मग सावरल्या. सी लिंकवर उजाडलं. तिथवरचं त्यांना फार आठवत नाही, छान होतं एवढंच.

एकतिसाव्या किलोमीटरला परतीच्या वाटेवर उजव्या पोटरीत गोळा आला. इथून पुढचं आम्ही नंतर बसून नीट उतरवून घेतलं. पहिला विचार आला तो ‘संपलं’. दुसरा, ‘हे कार्डावर आहे का?’ नाही. तिसरा, ‘पुढची पायरी.’ कडेला जाऊन पोटरी ताणली, मीठ चाटलं, पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत चालल्या, त्याच्या पुढच्या खांबापर्यंत धावल्या. असं पंधरा-वीस मिनिटं. आजूबाजूचे लोक पुढे जात होते. यादीतली तिसरी भीती, मागे पडायची, नेमकी समोर घडत होती. ‘आणि ताई, काही झालं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘लोक जातात पुढे. जाऊ देत.’

पेडर रोडचा चढ मॅरेथॉनच्या सर्वात वाईट वेळी येतो, पस्तीस किलोमीटर पायांत असताना. ऊन वर आलेलं. बाईंनी तो पूर्ण चढ चालायचा हे घरूनच ठरवलं होतं. फुटपाथवर माणसं संत्र्याच्या फोडी, बिस्किटं घेऊन उभी होती. चढाच्या मध्यावर छातीतली धडधड कानात आली, ५ नोव्हेंबरसारखीच. त्यांनी पाऊचवर हात ठेवला. कार्ड काढलं नाही, पाठ होतं. दाब आहे का, नाही. घेरी, नाही. हात, जबडा, नाही. म्हणजे चढ आहे म्हणून धडधडतंय. त्यांना त्या वेळी वडील आठवले का, असं मी विचारलं. हो म्हणाल्या. पुढे काही मी विचारलं नाही.

५ तास २४ मिनिटांत त्यांनी शर्यत पूर्ण केली.

नंतरची रिकामी पहाट

लोक यश मिळालं की नोंद बंद करतात. मी पुढचा महिनाही लिहून ठेवला, कारण तो सोपा नव्हता. पहिले तीन-चार दिवस सत्कार, शाळेत टाळ्या, पेढे. मग साडेचारला जाग येई आणि उठायचं कशासाठी ते कळत नसे. वर्गात उगाच चिडचिड. एकदा भाजी निवडताना रडू आलं. पाच महिने आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक दिशा होती, ती एका दुपारी संपली होती. पुष्कळ जण या पोकळीत घाबरून लगेच पुढची मॅरेथॉन भरतात. बाईंना मी चार आठवडे कुठलीही नोंदणी करायची नाही असं सांगितलं. पहाटे उठायचं, पण अजिंक्यताऱ्यावर नुसतं चालत जायचं, घड्याळ घरी ठेवून. महिन्याच्या अखेरीस त्यांनी विचारलं की पुन्हा हाफच धावली तर चालेल का. चालेल की.

जे दुसऱ्यांना तसंच लागू होणार नाही

बाईंकडे दिवाळीची सुट्टी होती. तपासण्यांचा खर्च परवडत होता, शहरात हृदयरोगतज्ज्ञ होते. कॅलेंडरवर सही करणारा नवरा होता, गठ्ठा बदलून घेणारा सहकारी होता. यातलं एक जरी नसतं तरी निकाल वेगळा लागला असता. ‘पुढची पायरी लिही’ हे वाक्यही त्यांचंच. गटातल्या दोघांनी ते उसनं घेऊन पाहिलं, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आता दोन गोष्टी वाढल्या आहेत. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला का, हे सुरुवातीलाच विचारतो, आणि उत्तर हो असेल तर तपासणीचा कागद आल्याशिवाय वेळापत्रक देत नाही. सरावाच्या वहीत झोपेच्या शेजारी ‘आज डोक्याचं काम किती’ असा रकाना आहे. या वर्षी गटात रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे. तिचा तो रकाना रोजच भरलेला असतो. तिचं वेळापत्रक सोळाऐवजी चोवीस आठवड्यांचं केलं आहे, आणि त्यात लाँग रन रविवारी नाही, तिची सुट्टी ज्या वारी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे, आधी पूर्ण एक रात्र झोप झाल्यावर.